पडद्यावरचा सरकता पट्टा : संगणकाचा पडदा कॅमेऱ्यात पकडण्याचा इतिहास



मघाशी बाहेर चहा घेताना एका गृहस्थांनी मला विचारलं, ‘जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्याचं शूटिंग’ यावर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नव्वदच्या दशकातल्या बातम्या आठवा. बँकेचं संगणकीकरण, रेल्वेचं आरक्षण, दहावीचा निकाल. बातमीत एक खोली दिसायची, खोलीत ओळीने मॉनिटर, आणि प्रत्येक मॉनिटरवर एक जाडजूड पट्टा खालून वर किंवा वरून खाली सरकत असायचा. काही मॉनिटर तर नुसते फडफडायचे. त्या खोलीत बसलेल्या माणसाला तो पट्टा कधीच दिसला नाही. तो फक्त कॅमेऱ्याला दिसला. म्हणजे त्या काळाची जी चित्रं आपल्याकडे उरली आहेत त्यांत प्रत्यक्षात नसलेली एक गोष्ट ठळक दिसते, आणि प्रत्यक्षात असलेली, म्हणजे पडद्यावरची अक्षरं, वाचता येत नाहीत.

या पट्ट्याशी माझं वैयक्तिक भांडण आहे. ते आधी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

१९९३ साली मी छोट्या-मोठ्या औद्योगिक फिल्म करायचो. स्वतःचा हाय-एट कॅमेरा होता. एका संस्थेतला जुना मिनी कॉम्प्युटर मोडीत निघणार होता. तो चालवणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे. ते म्हणाले, ‘मशीन जाण्याआधी एकदा शूट करून ठेव रे.’ त्यांनी टर्मिनलसमोर बसून पगारपत्रकाचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. तो त्यांनीच लिहिलेला होता. चाळीसएक मिनिटं ते एकेक स्क्रीन उघडून समजावत होते, मी मागून कॅमेरा धरून उभा. पुढच्या आठवड्यात मशीन भंगारात गेलं. घरी येऊन टेप लावली तर आवाज स्वच्छ, त्यांची बोटं स्वच्छ, आणि पडद्यावर नुसता नाच. तेव्हा व्ह्यूफाइंडर म्हणजे एक इवलासा काळा-पांढरा पडदा. त्यात थोडी थरथर दिसली होती, पण मला वाटलं ती व्ह्यूफाइंडरचीच असेल. ही चूक माझीच, आणि ती समजायला मला बरीच वर्षं लागली. या टेपकडे शेवटी परत येऊ.

आता पट्टा येतो कुठून? जुना मॉनिटर म्हणजे पिक्चर ट्यूब. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये बनवलेल्या नळीचं हे वाढलेलं रूप. मागून इलेक्ट्रॉनचा एक बारीक झोत येतो आणि काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आदळतो. जिथे आदळतो तेवढाच ठिपका उजळतो. झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, मग खालची, मग त्याच्या खालची, तळाला पोचला की पुन्हा वर. रंगीत टीव्हीच्या फॉस्फरचा उजेड एखाद्या मिलिसेकंदातच बहुतेक विझून जातो. म्हणजे कोणत्याही एका क्षणी पडद्यावर पूर्ण चित्र नसतंच. एक उजळ पट्टी असते, बाकी अंधार. चित्र जुळतं ते आपल्या डोळ्यात, कारण डोळा सावकाश विसरतो.

कॅमेऱ्याचं तसं नाही. कॅमेरा ठरावीक वेळ डोळा उघडतो, मग मिटतो, मग पुन्हा उघडतो. त्याचं घड्याळ वेगळं, पडद्याचं वेगळं. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना तुम्ही पाहिलं आहे ना? तेच हे. दोन घड्याळं जुळत नाहीत, आणि न जुळण्याचं जे उरतं ते चित्रात उमटतं.

एक दाखला देतो, पुढे तो परत लागणार आहे. देवळाभोवती कुणी प्रदक्षिणा घालतो आहे. त्याने कुठूनही सुरुवात केली आणि बरोबर एक फेरी पूर्ण केली, तर वाटेतल्या प्रत्येक फरशीवर त्याचा पाय एकदाच पडतो. सुरुवात दीपमाळेपासून करा नाहीतर मागच्या पिंपळापासून, फरक नाही. पण त्याने सव्वा फेरी मारली, तर काही फरशांवर दोनदा पाय पडेल. आणि पाऊणच मारली, तर काही कोऱ्या राहतील. इलेक्ट्रॉनचा झोत म्हणजे तो प्रदक्षिणा घालणारा. कॅमेऱ्याचं शटर जितका वेळ उघडं, तितकीच प्रदक्षिणा त्याला दिसते. दोनदा पाय पडलेला भाग दुप्पट उजळ दिसतो. कोरा राहिलेला भाग काळा दिसतो. हाच आपला पट्टा.

आता टीव्हीवर संगणकाचा पडदा दिसल्याचं एक गाजलेलं जुनं उदाहरण. १६ डिसेंबर १९५१ रोजी अमेरिकेत सीबीएसवर एडवर्ड मरो यांच्या ‘सी इट नाऊ’ कार्यक्रमात एमआयटीचा व्हर्लविंड संगणक दाखवला गेला. जे फॉरेस्टर त्याचे प्रमुख. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी मरो यांना नमस्कार करणारी अक्षरं उमटली, आणि टीव्ही कॅमेऱ्याने ती घराघरांत नेली. संगणकाच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवायची हौस संगणकाइतकीच जुनी आहे असं म्हणायला हरकत नाही.

पण पडदा चित्रित करण्याचं खरं शास्त्र संगणकवाल्यांनी नाही, टीव्हीवाल्यांनी उभं केलं, तेही नाइलाजाने. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांत तीन तासांचा फरक. न्यूयॉर्कला रात्री आठला होणारा कार्यक्रम लॉस एंजेलिसला पाचला दिसून कसं चालेल? व्हिडिओ टेप तेव्हा नव्हती. मग मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावायचा, चित्र फिल्मवर घ्यायचं, घाईघाईने धुवायचं आणि तीन तासांनी दाखवायचं. याला किनिस्कोप रेकॉर्डिंग म्हणत.

इथे अडचण अशी, की अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवतो, एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी. प्रत्येक वेळेला फील्ड म्हणतात. सिनेमाची फिल्म मात्र सेकंदाला २४ फ्रेम चालते. साठ भागिले चोवीस म्हणजे अडीच. एका फ्रेमच्या वाट्याला अडीच फील्ड येतात. शिवाय फिल्म पुढे सरकत असताना शटर मिटलेलं हवं, नाहीतर चित्र फराटेल. साधारण सिने कॅमेरा निम्मा वेळ उघडा आणि निम्मा मिटलेला असतो. ते इथे चालेना.

ईस्टमन कोडॅकच्या लोकांनी ड्यूमाँट आणि एनबीसी यांच्याबरोबर १९४७ मध्ये जो कॅमेरा काढला त्यातला हिशेब मला फार आवडतो. अडीच फील्डपैकी दोन फील्ड, म्हणजे १/३० सेकंद, शटर उघडं. उरलेलं अर्धं फील्ड, म्हणजे १/१२० सेकंद, शटर मिटलेलं, आणि तेवढ्यात फिल्म पुढच्या फ्रेमवर खेचून स्थिर करायची. वर्तुळाच्या भाषेत ७२ अंश मिटलेलं, २८८ अंश उघडं. दोन फील्ड म्हणजे बरोबर दोन प्रदक्षिणा, प्रत्येक ओळीला तिचा वाटा मिळाला. पण अर्धं फील्ड टाकून दिल्यामुळे पुढची फ्रेम पडद्याच्या मध्यापासून सुरू होते. शटर केसभर लवकर मिटलं, की एक आड फ्रेमला चित्राच्या बरोबर मध्यावर काळी रेघ. केसभर उशिरा मिटलं, की पांढरी रेघ. तो जोड लपवण्यात माणसं घाम गाळत होती. युरोपात टीव्ही ५० फील्डचा आणि फिल्म २५ फ्रेमची, म्हणजे भागाकार सुबक, पण मग फिल्म खेचायला वेळच उरत नाही. म्हणून बीबीसीने सुरुवातीला एक फील्ड घ्यायचं, एक सोडायचं असा मार्ग काढला होता. निम्म्या ओळी गेल्या, पण पट्टा गेला.

अँपेक्सने १९५६ मध्ये व्हिडिओ टेपचं यंत्र काढलं, त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने संध्याकाळच्या बातम्या टेपवरून उशिराने दाखवल्या, आणि किनिस्कोपचे दिवस भरत आले. त्याआधीचे अमेरिकन टीव्हीचे जे थेट कार्यक्रम आज पाहता येतात ते बहुतेक याच पद्धतीने, पडद्यासमोर कॅमेरा ठेवून, वाचलेले आहेत.

प्रयोगशाळांत मात्र एक वेगळीच सोपी वाट होती. बेल लॅब्जमध्ये १९६३ साली एडवर्ड झजाक यांनी उपग्रह पृथ्वीभोवती कसा कलंडतो याची संगणकावर काढलेली फिल्म केली. त्यांच्या यंत्रात पिक्चर ट्यूब आणि कॅमेरा एकाच डब्यात होते आणि दोघांचा मालक एकच. झोताने एक चित्र काढायचं, थांबायचं, फिल्म एक घर पुढे, मग दुसरं चित्र. कॅमेरा आणि पडदा एकाच घड्याळावर चालले तर लुकलुक हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता मला ज्यावर जरा जास्त रेंगाळायचं आहे ते प्रकरण. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. डग्लस एंगेलबार्ट यांचं प्रात्यक्षिक. माउस, हायपरटेक्स्ट, दूर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच दस्तऐवजावर काम, हे सगळं त्यांनी त्या दिवशी हजारेक लोकांसमोर करून दाखवलं. याविषयी तुम्ही ऐकलं असेल. पण त्यांच्यासमोरचा जो पडदा होता तो संगणकाचा पडदा नव्हता, हे सहसा कुणी सांगत नाही. मोठ्या आकाराचे चांगले ग्राफिक पडदे तेव्हा भयंकर महाग. म्हणून त्यांनी काय केलं? संगणकाच्या खोलीत पाच इंची छोट्या पण तीक्ष्ण पिक्चर ट्यूब ठेवल्या, प्रत्येकीसमोर एक टीव्ही कॅमेरा रोखला, आणि त्या कॅमेऱ्याचं चित्र केबलने टेबलावरच्या साध्या टीव्ही मॉनिटरवर आणलं. म्हणजे पडद्याचं शूटिंग हीच त्यांची रोजची डिस्प्ले यंत्रणा होती!

मग पट्टा का नाही आला? कारण त्या कॅमेऱ्यात व्हिडिकॉन नावाची नळी होती आणि तिला ‘विसराळूपणाचा आळस’ होता, असं मी म्हणतो. (हशा) तिच्यावर पडलेली प्रतिमा लगेच पुसली जात नसे, पुढची काही फील्ड रेंगाळत राही. फिरत्या वस्तूंचं चित्र घ्यायला हा मोठा दोष. क्रिकेटचा चेंडू शेपटी घेऊन पळताना दिसायचा. पण स्थिर अक्षरांसाठी हाच गुण. रेंगाळण्यामुळे आधीच्या आणि आत्ताच्या प्रदक्षिणा एकमेकींत मिसळून सरासरी निघायची. इतकी, की संगणकाला पडदा सावकाश रंगवला तरी चालायचं, लुकलुक डोळ्याला कळायची नाही. शिवाय टीव्ही सिग्नल उलटा करणं सोपं, म्हणून अंधारावर उजेडाची अक्षरं न राहता उजळ पार्श्वभूमीवर काळी अक्षरं मिळाली, कागदासारखी. आणि चित्र एकदा टीव्ही सिग्नल झालं की त्याच्यावर माणसाचा चेहरा मिसळता येतो, मायक्रोवेव्ह दुव्यावरून मेन्लो पार्कहून पन्नासेक किलोमीटर लांबच्या सभागृहात पाठवता येतं, एइडोफोर नावाच्या स्विस प्रोजेक्टरवर भिंतीएवढं दाखवता येतं. हे सगळं बिल इंग्लिश यांनी जुळवलं. त्या प्रात्यक्षिकाची फिल्म आज आपण पाहतो आणि पडदा वाचता येतो, याचं मोठं श्रेय त्या आळशी नळीला आहे.

त्यानंतर साडेसात महिन्यांनी, जुलै १९६९ मध्ये, हाच उपाय जगाने पाहिला, पण ओळखला नाही. अपोलो ११ च्या चांद्र कॅमेऱ्याला पृथ्वीपर्यंत पुरेशी रुंद वाट नव्हती. म्हणून तो सेकंदाला फक्त १० फ्रेम आणि ३२० ओळी पाठवत होता. कुठल्याही घरगुती टीव्हीला हे चित्र दाखवता येणं शक्य नाही. मग अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात चित्र उतरवून घेतलं जात होतं तिथे एका उत्तम मॉनिटरवर ते हळू चालणारं चित्र लावलं, त्यासमोर व्हिडिकॉन कॅमेरा ठेवला, एक फ्रेम पूर्ण झाली की त्या कॅमेऱ्याने तेवढं एक फील्ड टिपायचं, आणि पुढची फ्रेम येईपर्यंत चुंबकीय तबकडीवरून तेच चित्र पुन्हापुन्हा दाखवायचं. आर्मस्ट्राँग शिडीवरून उतरताना जगाने जे पाहिलं ते पडद्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यातून पाहिलं. तेवढ्यात चित्राची तीक्ष्णता आणि करड्या छटा बऱ्याच गेल्या. मूळ १० फ्रेमचं चित्र वेगळ्या टेपांवर होतं. पुढे नासाने चौकशी केली, २००९ मध्ये जाहीर केलं की त्या टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक केंद्रावर एका तंत्रज्ञाने तिथला मूळ मॉनिटर आपल्या ८ मिलिमीटरच्या सिने कॅमेऱ्याने टिपून ठेवला होता. तो हौशी तुकडा आज अभ्यासक मौल्यवान मानतात. पडद्याचं शूटिंग ही क्षुल्लक गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मी हे उदाहरण कायम जवळ ठेवतो.

सिनेमावाल्यांबद्दल थोडक्यात. कुब्रिक यांच्या ‘२००१’ या १९६८ च्या चित्रपटात यानाच्या भिंतीभर जे संगणकाचे पडदे दिसतात त्यांत संगणक औषधालाही नाही. हाताने तयार केलेली अॅनिमेशन १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरनी मागून पडद्यावर टाकलेली आहेत. पट्टा नको ना, मग पिक्चर ट्यूबच नको! १९८३ च्या ‘वॉरगेम्स’मध्ये युद्धकक्षातले अवाढव्य नकाशे एचपीच्या संगणकावर बनवून फिल्मवर घेतले होते आणि सेटवर मागून प्रोजेक्ट केले होते. पण त्यातल्या मुलाच्या खोलीत खराखुरा इम्साई संगणक आणि खरा मॉनिटर आहे. अशा ठिकाणी हॉलिवूडने तिसरी युक्ती वापरली, की पडद्यालाच कॅमेऱ्याच्या तालावर आणायचं. मॉनिटर आणि त्याला चित्र पुरवणारं यंत्र फेरफार करून सेकंदाला २४ फ्रेमवर चालवायचं. ओळींचा वेग तोच ठेवला, तर ५२५ ऐवजी साडेसहाशेच्या आसपास ओळी बसतात. फिल्मवर चित्र दगडासारखं स्थिर येतं. सेटवर उभ्या असलेल्या माणसांना मात्र तोच मॉनिटर लुकलुकताना दिसतो, कारण ४८ फील्ड डोळ्याला कमी पडतात. बघा, जे कॅमेऱ्याला स्वच्छ ते डोळ्याला त्रासदायक. ही अदलाबदल पुढेही दिसेल.

ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक आले आणि काही काळ सगळं सुरळीत झालं, ते केवळ योगायोगाने. हे संगणक घरच्या टीव्हीला जोडायचे असल्यामुळे त्यांचा ताल टीव्हीचाच. बीबीसीने जानेवारी १९८२ पासून ‘द कॉम्प्युटर प्रोग्रॅम’ ही मालिका दाखवली, त्यातला बीबीसी मायक्रो ५० चा, स्टुडिओचे कॅमेरेही ५० चे. हाच बीबीसी मायक्रो १९८४ च्या सुमारास ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांत आला, आणि आपलं दूरदर्शनही ६२५ ओळींचं, ५० फील्डचंच. कारण दोन्हीकडची वीज ५० सायकलची, आणि टीव्हीचा ताल सुरुवातीपासून विजेच्या तालाशी बांधलेला. पण ‘५०’ म्हणजे बरोबर ५० नव्हे. झेडएक्स स्पेक्ट्रमचं गणित केलं, ३५ लाख ठोक्यांचं घड्याळ भागिले एका फ्रेमचे ६९,८८८ ठोके, तर ५०.०८ येतात. कॅमेरा बरोबर ५० चा. फरक सेकंदाला आठ शतांश. म्हणजे साडेबारा सेकंदांत एक बारीक रेघ अख्खा पडदा ओलांडून जाते. गोगलगाईसारखी. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

घोटाळा केला तो ऑफिसातल्या पीसीने. आयबीएमचा १९८१ चा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर ५० चा होता आणि त्याचा फॉस्फर मुद्दाम सावकाश विझणारा होता. मजकूर वर सरकला की मागे हिरवी सावली राहायची, आठवत असेल काहींना. तो कॅमेऱ्याला बरा. पण १९८७ मध्ये व्हीजीए आलं. मजकुरासाठी ७०, ग्राफिक्ससाठी ६०. मग ७२, ७५, ८५. का वाढत गेले हे आकडे? डोळ्यांसाठी. दिवसभर पांढऱ्या पडद्याकडे बघणाऱ्या माणसाला ६० चीही लुकलुक जाणवते, डोकं दुखतं, म्हणून ताल वाढवला. माणसाला आराम, कॅमेऱ्याला वैताग. आपल्या ५० च्या कॅमेऱ्याला ७० च्या पडद्याच्या एका फील्डमध्ये १.४ प्रदक्षिणा दिसतात. चाळीस टक्के पडदा दुप्पट उजळ. ८५ चा असेल तर १.७, म्हणजे सत्तर टक्के उजळ आणि तीस टक्क्यांचा पट्टा काळपट. पट्टा कधी पांढरा का आणि कधी काळा का, याचं उत्तर हेच आहे. बातम्यांतला तो पट्टा म्हणजे खरं तर ऑफिसात बसलेल्यांच्या डोळ्यांची काळजी घेतल्याची खूण.

यावर कॅमेऱ्याला पडद्याच्या तालावर आणणं हा उपाय होता, आणि तो शक्य झाला ते नळीच्या जागी सीसीडी आल्यावर. सीसीडीवर उजेडाचा भार साठत जातो. हव्या त्या क्षणी साठलेलं ओतून टाकलं की मोजणी तिथून नव्याने सुरू. म्हणजे शटर पात्याचं न राहता विजेचं झालं. आधी यात ठरावीक पायऱ्या होत्या, १/१२५, १/२५०, १/५००. त्यांनी पडद्याचं चित्र उलट बिघडायचं. १/५०० मध्ये झोत जेमतेम एक पट्टी ओढतो, बाकी सगळा अंधार. मग व्यावसायिक कॅमेऱ्यांत अगदी बारीक पायऱ्यांनी फिरवता येणारं शटर आलं. सोनीने त्याला ‘क्लिअर स्कॅन’ म्हटलं, पॅनासॉनिकने ‘सिंक्रो स्कॅन’. व्ह्यूफाइंडरमध्ये सेकंदांचे अपूर्णांक नाहीत, सरळ हर्ट्झमध्ये आकडा. पडद्यावर फोकस करायचा आणि बटण दाबत राहायचं. ६९.६, ६९.८, ७०.१. पट्टा अरुंद होत जातो, अरुंद होत जातो, आणि एका आकड्याला नाहीसा होतो. ज्याने हे स्वतः केलं आहे त्यालाच त्यातलं समाधान कळेल.

आणि यात दोन घड्याळं जुळवलेली नाहीत, हे ध्यानात घ्या. कॅमेरा ५० नेच चालतो आहे, पडदा ७० नेच. जुळवला आहे तो फक्त शटर उघडं असण्याचा काळ, बरोबर एक प्रदक्षिणा. सुरुवात दीपमाळेपासून की पिंपळापासून, फरक पडत नाही. किनिस्कोपवाल्यांनी जो जोड लपवायला घाम गाळला तो इथेही असतो, पण आकडा नेमका असला की दिसत नाही. मर्यादा एकच. शटरचा काळ फील्डपेक्षा कमी करता येतो, वाढवणं अवघड. म्हणून अमेरिकेतल्या ६० च्या कॅमेऱ्याला ५० चा पडदा नडायचा. प्रदक्षिणा संपण्याआधीच फील्ड संपतं.

आता माझी टेप. ते टर्मिनल ६० वर चाललं होतं, माझा कॅमेरा ५० चा. एका फील्डमध्ये १.२ प्रदक्षिणा. पडद्याचा एक पंचमांश उजळ, आणि दर फील्डला ती उजळ पट्टी एक पंचमांश जागा बदलणार. पाच उड्यांत फेरी पूर्ण, सेकंदाला दहा फेऱ्या. म्हणून तो नाच. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट ही, की त्या काळच्या टर्मिनलांत, डेकच्या व्हीटी-१०० मध्ये आणि त्याच वळणाच्या इतरांतही, सेट-अपमध्ये ५० की ६० हे निवडायची सोय असायची. कुणीतरी ते ६० वर तसंच ठेवलं होतं. दोन कळा दाबल्या असत्या तर टेप स्वच्छ आली असती. आम्ही दोघेही त्या टर्मिनलसमोर चाळीस मिनिटं होतो.

बऱ्याच वर्षांनी टेप डिजिटल करून घेतल्यावर मी हा हिशेब कागदावर मांडला आणि एक गोष्ट दिसली. पाच फील्ड म्हणजे एक दशांश सेकंद. एक दशांश सेकंदात ६० चा झोत बरोबर सहा प्रदक्षिणा घालतो. पूर्ण सहा! मग लागोपाठची पाच फील्ड एकावर एक ठेवून सरासरी काढली तर? काढली. पट्टा जवळजवळ गेला. अक्षरं वर आली. कॉलमची नावं, महागाई भत्ता, वर्गणी, निव्वळ देय. एंगेलबार्टच्या कॅमेऱ्यातली आळशी नळी जे आपोआप करायची तेच मी सॉफ्टवेअरमधून केलं. किंमतही तीच मोजावी लागली. हलणारं सगळं फराटलं. त्या गृहस्थांचं बोट पडद्यावर एखाद्या ओळीकडे जातं तेव्हा बोट दिसत नाही, एक धुरकट छाया दिसते. म्हणून मी दोन चित्रं शेजारी ठेवली आहेत, एकात हात, एकात पडदा, आणि आवाज दोघांचा एकच. ते आज नाहीत. त्यांच्या मुलीला मी तो संच दिला.

मला कुणीतरी विचारतं, जुने प्रोग्रॅम इम्युलेटरवर चालतात, पडदा जसाच्या तसा फाइलमध्ये घेता येतो, मग काचेसमोर कॅमेरा कशाला? चालतात, आणि ते जपलेच पाहिजेत. पण त्यात सिग्नल येतो. काच येत नाही, अक्षरांभोवतीचं तेज येत नाही, हिरवी सावली येत नाही, पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी येत नाही. आणि समोर बसलेला माणूस येत नाही. पिक्चर ट्यूब आता नव्याने बनत नाहीत. ज्या आहेत त्या दरवर्षी मंद होत आहेत.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

[श्रोत्यांपैकी एकाने विचारलं : घरी जुना संगणक आणि जुना टीव्ही चालू स्थितीत आहे. मोबाइलवर शूटिंग केलं तर पट्टे येतात. काय करावं?]

आधी शटर हाताने ठरवता येईल असं अॅप घ्या. मोबाइल आपल्या मनाने शटर ठरवतो आणि अंधारात चमकणारा पडदा दिसला की ते जलद करतो. म्हणजे नेमकं चुकीचं. आपल्याकडच्या टीव्हीला जोडलेला संगणक असेल तर १/५० ठेवा. अमेरिकेतून आणलेला असेल तर १/६०. उजेड जास्त होत असेल तर आयएसओ कमी करा, टीव्हीचा ब्राइटनेस थोडा उतरवा, शटरला हात लावू नका. मोबाइलचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे शटर चुकलं की पट्टे एकाऐवजी अनेक किंवा तिरके दिसू शकतात, पण हिशेब तोच आहे. प्रत्येक ओळीला बरोबर एक प्रदक्षिणा मिळाली की झालं.

आणि १/६० ठेवणार असाल तर खोलीतली जुनी ट्यूबलाइट बंद करा. ती सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, त्याला १/५० चालतं, १/६० चालत नाही. पडदा स्वच्छ येईल आणि मागची भिंत लुकलुकेल. खिडकीचा उजेड घ्या, नाहीतर साधा पिवळा बल्ब. शूटिंग संपूर्ण झाल्यावर नाही, पहिल्या दहा सेकंदांनंतर थांबून मोठ्या पडद्यावर एकदा बघा. मी बघितलं नव्हतं.